मांजरीच्या पिल्लाने सुई-दोरा गिळलाय, आत्ता काय करू? (अमळनेर)

बोरीकाठ | ३० एप्रिल २०२५, रात्री ९:५०

घाईत लिहितेय, चुका समजून घ्या. आमच्याकडे तीन महिन्यांचं मांजरीचं पिल्लू आहे, ठिपकी. तासाभरापूर्वी तिने गोधडी शिवायचा दोरा गिळला. तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून चार बोटं दोरा बाहेर लोंबतोय. त्या दोऱ्याला सुई होती आणि ती सुई घरात कुठेच सापडत नाही.

आज आखाजी (अक्षय्य तृतीया). नणंदा माहेरी आल्यात, घरात पंधरा माणसं. सकाळी घागर पुजून, आगारी (पितरांसाठी विस्तवावर नैवेद्य) टाकून, आमरस-पुरणपोळीचं जेवण झालं. संध्याकाळी पोरी झोक्यावर गेल्या आणि मोठी माय (माझ्या नवऱ्याची आजी) ओट्यावर गोधडी घेऊन बसली. धाकट्या नणंदेला बाळ व्हायचंय, त्याच्यासाठी शिवतेय. मध्येच कुणीतरी हाक मारली म्हणून ती सुई गोधडीतच टोचून उठली. परत येऊन बघते तर ठिपकी पुढच्या पायांनी तोंड खाजवतेय आणि दोरा तोंडात.

सुई गोधडीची आहे, जाड, बोटभर लांब. ठिपकी चालतेय, श्वास नीट आहे, पण सारखी गिळल्यासारखं करते. दोरा हळूच ओढून काढू का? इथे या वेळी जनावरांचा दवाखाना उघडा नाही, उद्या १ मे म्हणजे सरकारी दवाखानाही बंद. कुणीतरी सांगा.

निंबोणी | रात्री ९:५८

घाबरू नका. माझ्या मुलाने नाणं गिळलं होतं तेव्हा आम्ही भरपूर केळी खाऊ घातली, दुसऱ्या दिवशी निघून गेलं. पिल्लाला थोडं तूप-भात देऊन बघा, दोरा त्याच्यात गुंडाळून बाहेर पडेल.

तापीची लेक | रात्री १०:०२

बाहेर चार बोटं दिसतोय ना? मग टॉवेलमध्ये धरून अगदी हलक्या हाताने ओढा. नुसता लोंबत असेल तर येईल.

पाटा-वरवंटा | रात्री १०:०४

थांबा! ओढू नका!! माझं ऐका, ओढू नका. आमच्या भुसावळच्या घरी संक्रांतीनंतर बोक्याच्या तोंडात पतंगाचा दोरा होता, मी ओढला आणि त्याचं फार वाईट झालं. नंतर सविस्तर लिहीन. आधी दोऱ्याला हात लावू नका.

गोठ्यातला दिवा | रात्री १०:०९

बोरीकाठ, मी पशुवैद्य आहे, सध्या अकोल्याला. नोकरी गाई-म्हशींची असली तरी मांजरं बरीच हाताळली आहेत. आता मी सांगतो तेवढंच करा.

दोरा ओढायचा नाही आणि कापायचाही नाही. ओढलात तर आतली सुई अन्ननलिकेत आडवी रुतेल. कापलात तर उरलेलं टोक आत जाईल आणि डॉक्टरांच्या हाताला लागणार नाही.

खायला काही द्यायचं नाही. तूप, भात, केळं, दूध, काहीही नाही. निंबोणी, तुमचा हेतू चांगला आहे, पण नाणं गोल असतं, ते घरंगळत जातं. दोऱ्याचं तसं नसतं. उद्या भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं. पाणी ती स्वतःहून प्यायली तर दोन घोट पिऊ द्या, पाजू नका. मीठ-पाणी वगैरे देऊन ओकारी काढायचा प्रयत्न तर मुळीच करू नका. सुई वर येताना घसा फाडू शकते.

आता एक तपासा. एकाने पिल्लाला टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळून धरा, नुसतं डोकं बाहेर. दुसऱ्याने तोंड उघडून अंगठ्याने जबड्याच्या खालून, दोन हाडांच्या मध्ये, हलकं वर दाबा. जीभ उचलली जाते. जिभेच्या खाली दोरा अडकलाय का, एवढंच बघून इथे लिहा.

बोरीकाठ | रात्री १०:२६

बघितलं. जिभेच्या मुळाशी खालून दोऱ्याचा वेढा आहे. एक टोक बाहेर लोंबतंय, दुसरं घशात गेलंय. दोरा दुहेरी आहे. सुई दिसत नाही. धरताना माझ्या मुलीच्या मनगटावर ओरखडा बसला, रक्त आलं.

गोठ्यातला दिवा | रात्री १०:३१

आधी मुलीचा हात. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तेल काही लावू नका. पिल्लाला रेबीजची लस झालीय का? रक्त आलेला ओरखडा आहे, म्हणून उद्याच सरकारी रुग्णालयात नेऊन मुलीला लस सुरू करा. तातडीचा विभाग सुट्टीतही चालू असतो.

आता ठिपकीबद्दल. तुम्ही सांगितलेली जागाच मांजरांमध्ये नेहमी सापडते. मांजराच्या जिभेवर काटे असतात आणि ते सगळे घशाकडे वळलेले असतात. अंग विंचरायला, हाडावरचं मांस खरवडायला त्यांचा उपयोग. पण दोरा एकदा त्या काट्यांवर बसला की मांजराला थुंकता येत नाही. जीभ हलवेल तसा तो आतच सरकतो. ती हावरटपणाने खात नव्हती. खेळता खेळता आत गेला आणि मग तिच्या हातात काही राहिलं नाही.

दोऱ्याचा धोका कसा असतो ते सगळ्यांसाठी लिहितो. परकराच्या नेफ्यात नाडी घालून ओढली की कापड कसं चुणतं? एक टोक जिभेखाली अडकलेलं, दुसरं आतड्याच्या हालचालीने पुढे ओढलं जातं, आणि आतडं नाडीवरच्या नेफ्यासारखं चुण्या पडून गोळा होतं. ताणलेला दोरा मग आतड्याची भिंत आतून करवतीसारखा कापत जातो. म्हणून वेळ दवडायचा नाही. दोरा पोटातून आतड्यात उतरायच्या आत काम झालं तर पिल्लू बहुतेक वाचतं.

तोंड उघडून श्वास, सतत लाळ, किंवा मान ताठ धरून बसणं, यातलं काही दिसलं तर मध्यरात्रही बघू नका, निघा. धुळे किंवा जळगाव, जिथे एक्स-रे असेल तिथे.

सोनगीर फाटा | रात्री १०:४०

मी धुळ्यात राहतो. आमच्या कुत्र्याचं ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांचा नंबर खाजगी निरोपात पाठवलाय. त्यांच्याकडे एक्स-रे आहे. मी आत्ता त्यांना फोन करून कल्पना देतो, तुम्ही पाच मिनिटांनी करा.

बोरीकाठ | रात्री ११:०५

फोन लागला. पहाटे सहाला दवाखाना उघडतो म्हणाले. साडेचारला निघतोय. तिला दोन भाजीच्या कॅरेटमध्ये ठेवलंय, एकावर एक उलटं घालून सुतळीने बांधलंय, हवा लागते. मी शेजारीच बसलेय. मुलीचा हात धुतला.

मोठी माय जेवली नाही. कॅरेटच्या दुसऱ्या बाजूला बसलीय आणि एकच म्हणतेय, “मनी सुई, मना दोरा. डोया गयात मना.” (माझी सुई, माझा दोरा. डोळे गेले माझे.)

तापीची लेक | रात्री ११:१२

मी ओढा म्हणाले होते. क्षमा मागते. तुम्ही लगेच ओढला नाहीत हे बरं झालं. रात्रभर मीही जागी आहे, काही लागलं तर लिहा.

पाटा-वरवंटा | रात्री ११:३०

मघाशी सविस्तर लिहिते म्हणाले होते. बोका दीड वर्षाचा होता. दोरा अर्धा आला आणि तुटला, मला वाटलं सुटका झाली. दोन दिवस तो ओकत राहिला, पाण्याला तोंड लावेना, पलंगाखाली अंधारात जाऊन बसला. तिसऱ्या दिवशी नेलं तेव्हा आतड्याला तीन ठिकाणी भोकं पडली होती. गेला. सहा वर्षं झाली. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, आज बोरीकाठ यांचा प्रश्न वाचला आणि हातच थरथरायला लागला. मांजर दोन-तीनदा ओकलं आणि लपून बसायला लागलं तर “उन्हाचा त्रास असेल” म्हणून थांबू नका. मीही अशीच थांबले होते.

बोरीकाठ | १ मे, दुपारी ३:२०

ठिपकी आहे. जिवंत आहे. आता सावकाश लिहिते, कारण रात्रभर तुम्ही सगळे सोबत होतात.

पावणेपाचला निघालो. कॅरेटवर ओलं सुती पातळ टाकलं होतं. सात वाजताच ऊन चटकायला लागतं आणि परतीचा विचार करून बर्फाची बाटलीही फडक्यात गुंडाळून घेतली होती. वाटेत ती एकदाच ओरडली, मग गप्प. ते गप्प होणं मला जास्त लागलं.

डॉक्टर सहाच्या आधीच येऊन बसले होते. वजन केलं, एक किलो दोनशे ग्रॅम. ताप बघितला, १०२, मांजराचं साधारण तेवढंच असतं म्हणाले. मग एक्स-रे. फिल्मवर दोरा दिसतच नाही, हे मला माहीत नव्हतं. सुईचा धातू तेवढा दिसतो. बरगड्यांच्या इवल्या काड्या आणि त्यांच्या मागे, जठरात, एक सरळ पांढरी रेघ. सुईचं नेढंसुद्धा ओळखू येत होतं. मी खाली बसले.

डॉक्टर म्हणाले, जठरातच आहे, पुढे गेली नाही, हे आपलं नशीब. जिभेखालच्या वेढ्याने दोरा धरून ठेवला होता, त्यामुळे सुई खाली उतरली नाही. ज्या वेढ्याने जीव धोक्यात आला त्यानेच रात्रभर तिला थोपवून धरलं. काल दोरा कापला असता तर सुई मोकळी होऊन आतड्यात गेली असती, हे त्यांनी दोनदा सांगितलं. गोठ्यातला दिवा, तुम्ही कुठे आहात, तुमच्यासाठी मी मनातल्या मनात किती हात जोडले.

भूल दिल्यावर आधी जिभेखालचा वेढा कापला, मग पोट उघडून जठराला बोटाच्या पेरापेक्षा लहान छेद दिला आणि सुई नेढ्याकडून बाहेर घेतली. तिच्यामागोमाग दोरा आला. मोजला, हातभर भरला. पाऊण तासाच्या वर लागलं. आतडी तपासली, कुठेही चुणी नाही, जखम नाही. आतले टाके विरघळणारे आहेत, कातडीवरचे अकरा-बारा दिवसांनी काढायचे.

खर्च कुणीतरी विचारेल म्हणून लिहिते: एक्स-रे, भूल, शस्त्रक्रिया, औषधं मिळून साडेसात हजार. आमच्यासाठी कमी नाहीत. नणंदांनी आखाजीला मिळालेल्या ओवाळणीतून अर्धे काढून दिले. मी नको म्हणत होते, त्यांनी ऐकलं नाही.

सुई डॉक्टरांनी एका छोट्या बाटलीत घालून दिलीय.

सोनगीर फाटा | दुपारी ३:३१

वाचून डोळे भरले. संध्याकाळी दवाखान्यात चक्कर मारतो, काही हवं असेल तर सांगा.

गोठ्यातला दिवा | दुपारी ३:४५

फार छान बातमी. श्रेय त्या डॉक्टरांचं आणि दोऱ्याला हात न लावणाऱ्या तुमच्या धीराचं.

आज रात्री ती मलूल असेल. शेजारचं कुणी लहान मुलांचं तापाचं औषध द्या म्हणेल, तर देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. आपलं यकृत ते औषध निकामी करतं, मांजराच्या यकृताला ते जमत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी बिघडतात, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पाय सुजतात. एका गोळीने मोठं मांजर दगावतं, हे तर पिल्लू आहे. वेदनेचं औषध डॉक्टर देतील तेवढंच. गाईचं दूधही सध्या नको, बऱ्याच मांजरांना त्याने हगवण लागते आणि टाक्यांवर ताण येतो.

कळण्याची भाकर | रात्री ८:१५

पिल्लू वाचलं हे उत्तम. पण स्पष्ट लिहितो. दिसत नसलेल्या वयात आजींनी सुई हातात घेणंच चुकीचं आहे. घरात प्राणी पाळायचा असेल तर गोधड्या बंद करा. बाजारात तयार मिळतात.

जुनी वाट | रात्री ८:४०

हे मला पटलं नाही. माझ्या आईच्या हातची गोधडी माझ्याकडे आहे. तिच्या दोन लुगड्यांची आणि वडिलांच्या धोतराची. उन्हाळ्यात आमच्या एरंडोलच्या वाड्यात दुपारी चार जणी चार कोपऱ्यांवर बसायच्या, कडेपासून धावदोरा घालत मधल्या चौकोनाकडे यायच्या. घरात मांजरी होत्याच. पण प्रत्येकीची सुई मोजलेली असायची. उठताना सुई डबीत जायची आणि दोरा तोडलेला असायचा, कारण खाली तान्ही पोरंही रांगत असायची. सुई हरवली तर वडील जुन्या रेडिओच्या स्पीकरमधला लोहचुंबक दोरीला बांधून गोधडीवरून आणि जमिनीवरून फिरवायचे. सुई मिळेपर्यंत कुणी जेवायला बसत नसे. ती रीत परत आणावी. हात कशाला थांबवायचे?

कळण्याची भाकर | रात्री ९:०२

लोहचुंबकाचं पटलं. माझी भाषा कडक झाली. आजींना वाईट वाटेल असं लिहायला नको होतं.

बोरीकाठ | २ मे, रात्री १०:१०

ठिपकी आज दुपारी घरी आली. गाडीचा आवाज ऐकून मोठी माय फाटकापर्यंत चालत आली, तिला उंबरा ओलांडायला एरवी काठी लागते. कॅरेटमध्ये वाकून म्हणाली, “ऊनी का वं माय!” (आलीस का गं माय!) आणि रडायलाच लागली.

संध्याकाळी मला बोलावून गोधडीची गुंडाळी हातात दिली. म्हणाली, “आते सुई हातमा लेवानी नही.” गोधडी अर्धी झालीय. मी काहीच बोलू शकले नाही, कपाटात ठेवून दिली. जुनी वाट, तुमचं लिहिणं मी तिला वाचून दाखवलं. ऐकत होती, पण बोलली नाही.

मुलीला काल अमळनेरच्या सरकारी रुग्णालयात लसीचा पहिला डोस दिला, फुकट. पुढचे तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी.

एक अडचण आहे. डॉक्टरांनी गळ्यात घालायला प्लॅस्टिकचा कॉलर दिलाय, तो तिला फार मोठा होतो. ती उलटी चालत भिंतीवर आदळते, खात नाही. काढला की लगेच टाके चाटायला जाते. काय करता येईल?

गोठ्यातला दिवा | रात्री १०:२५

टाके चाटू देऊ नका, त्याच काटेरी जिभेने ती ते उसवेल. पोटाला झाकणारं सुती अंगडं चालतं. मऊ जुनं कापड घ्या, चार पायांना चार भोकं, बंद पाठीवर, शेपटीखालची जागा मोकळी. दोन-तीन शिवा, एक ओलं झालं की दुसरं. फक्त बंदांची टोकं लोंबती ठेवू नका, परत दोराच तोंडात जाईल.

बोरीकाठ | ३ मे, सकाळी ७:४०

रात्री मी हा प्रतिसाद मोठ्याने वाचत होते, नवऱ्याला कापड आणायला सांगायला. मोठी माय खाटेवर पडली होती, मला वाटलं झोपली. पहाटे उठले तर ओट्यावर दिवा लागलेला. मुलीला शेजारी बसवून सुईत दोरा ओवून घेत होती आणि तिच्या जुन्या मलमलच्या पातळाचं अंगडं शिवत होती. बंद पाठीवर घेतलेत, टोकं आत दुमडून टाका मारलाय. एक पूर्ण झालंय, दुसरं कापून ठेवलंय. मी काही बोलले नाही, चहा ठेवला.

ठिपकीला ते अगदी बेताचं बसलं. पहिल्यांदा दोन पावलं टाकून आडवी पडली, मग उठून वाटीतलं उकडलेल्या कोंबडीचं कुस्करलेलं मांस खाल्लं. चमचाभरच, पण स्वतःहून.

पाटा-वरवंटा | सकाळी ८:०५

अंगड्याचं वाचून सकाळी सकाळी रडले. मोठ्या मायला माझा नमस्कार सांगा.

निंबोणी | सकाळी ९:१२

मी दोन दिवस शरमेने लिहिलं नाही. काल घरातल्या सगळ्या सुया गोळा केल्या. शिवणाच्या डब्याबाहेर, पडद्यात टोचलेल्या, कॅलेंडरला लावलेल्या, चौदा निघाल्या. आमच्याकडे मांजर नाही, पण नातू रांगतोय.

तापीची लेक | सकाळी ९:४०

राख्यांचे गोंडे, कानबाईच्या सजावटीच्या जरीच्या पट्ट्या, केकच्या खोक्याची रिबीन, मांस बांधून आलेली सुतळी, हेही सगळं उचलून ठेवा. सुतळीला मांसाचा वास असतो, तिच्यामागे मांजर हमखास लागतं. खेळायला द्यायचं तर कागदाचा बोळा द्या, नाहीतर पायमोजा गुंडाळून. दोरीचं खेळणं माणूस समोर असेल तेव्हाच, आणि खेळ झाला की कपाटात.

बोरीकाठ | १२ मे, रात्री ९:३०

आज टाके काढले. सहा होते. जखम कोरडी आहे, डॉक्टरांनी तिला रेबीजची लसही आजच दिली. वजन साठ ग्रॅमने वाढलंय.

धुळ्याहून दुपारी परत आलो तर गावात शिरायला जागा नव्हती. आज सखाराम महाराजांची पालखी, बोरीच्या पात्रात जत्रा भरलेली. गाडी लांब लावून कॅरेट डोक्यावर घेऊन चालत आलो. माणसं वाट करून देत होती, आत काय आहे विचारत होती. मुलीने प्रत्येकाला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली, म्हणून घरी पोहोचायला तासभर लागला.

जत्रेतून मुलीने मोठ्या मायसाठी झाकणाची पत्र्याची डबी आणली. तिच्यात आता पाच सुया असतात. नवऱ्याने नादुरुस्त स्पीकरमधला लोहचुंबक काढून डबीच्या बुडाला चिकटवलाय, सुया आपोआप धरल्या जातात. शिवायला बसताना मोठी माय मोजून घेते, उठताना मुलगी मोजते. बाटलीतली ती सुई मात्र देवघरात ठेवलीय, मोठ्या मायनेच ठेवायला सांगितली.

गोधडी कपाटातून तिने स्वतः मागून घेतली. परवा पूर्ण झाली, आज नणंदेबरोबर नाशिकला गेली. अंगड्यांचं उरलेलं मलमल तिच्या मधल्या चौकोनात लावलंय. ती शिवत असताना ठिपकी आतल्या खोलीत, दाराला कडी. दाराखालच्या फटीतून एक पंजा तेवढा सारखा बाहेर येत होता.